मोठे सिक्लिड मासे : टाकी किती, मासे किती आणि भांडणे का?

शोभेच्या माशांचा धंदा थोड्या भांडवलावर उभा राहतो. चार टाक्या, एक एअर पंप, थोडी वाळू आणि सोलापूर-पुण्याहून येणारा माल एवढ्यावर कोणी मोबाइलच्या दुकानातच एका बाजूला, तर कोणी घराच्या ओट्यावर हे काम सुरू करतो. त्यातून काच कापणाऱ्याला, स्टँड जोडणाऱ्या वेल्डरला आणि झाकण करणाऱ्या सुतारालाही काम मिळते. परंतु हा माल जिवंत आहे आणि तो वाढतो. किराणा दुकानातली साखरेची पुडी ग्राहकाच्या घरी जाऊन पोते होत नाही. मासा मात्र होतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे या धंद्यातले पुष्कळसे नुकसान होते, आणि सर्वात जास्त नुकसान होते ते ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, टेक्सास, जॅक डेम्प्सी अशा मोठ्या सिक्लिड माशांत. म्हणून या अंकात आम्ही त्यांच्याविषयीच लिहीत आहोत.

सिक्लिड हे नाव परके वाटले तरी हे घराणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. भिगवणच्या बाजारात आणि उजनीकाठच्या ढाब्यांवर जी चिलापी मिळते, ती सिक्लिडच. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि पुढे देशभरच्या जलाशयांत पसरला. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. आज त्या पाण्यातल्या कोळ्याला चिलापी काय चीज आहे ते सांगावे लागत नाही. चिलापीचा नर तळाच्या गाळात तव्यासारखा गोल खड्डा करतो, त्या खड्ड्याचा मालक होऊन बसतो आणि जवळ येणाऱ्या दुसऱ्या नराला हुसकून लावतो. मादी अंडी तोंडात धरून उबवते. जागेची मालकी आणि पिलांची राखण हे दोन गुण या सबंध घराण्यात कमीअधिक प्रमाणात आहेत. कोकण-गोव्याकडचा कालुंदर तसाच, आणि दूर अमेझॉनच्या खोऱ्यातला ऑस्करही तसाच. घरच्या टाकीतली सारी भांडणे या दोन गुणांतून निघतात.

आता ग्राहकाच्या बाजूने पाहू. वैरागच्या आसपासच्या खेड्यातला एक माणूस बाजाराला येतो. मुलाचा हट्ट म्हणून दोन फुटांची टाकी आणि त्यात दीड-दोन इंचांची ऑस्करची चार पिले घेतो. पिले देखणी असतात, हातातला दाणा ओळखू लागतात, घरातली माणसे खूष होतात. चांगले खायला मिळाले की ऑस्कर पहिले काही महिने दर महिन्याला जवळजवळ एक इंच वाढतो. सहाव्या महिन्यात ते मासे टाकीत वळताना एकमेकांना घासू लागतात. एकाचे पर फाटतात, दुसरा कोपऱ्यात तिरका होऊन राहतो, पाणी पिवळट होते, वास येऊ लागतो. वर्षाच्या आत चारांपैकी एक उरतो किंवा तोही उरत नाही. ग्राहक टाकी माळ्यावर टाकतो आणि चार लोकांना सांगतो की दुकानदाराने रोगट मासे गळ्यात मारले. मासे रोगट नव्हतेच. पण पुण्या-मुंबईत एक ग्राहक तुटला तर दुसरा येतो. वैरागसारख्या गावात तेच लोक, तीच गावे आणि तेच नातेवाईक आपले ग्राहक असतात. तुटलेला ग्राहक येथे एकटा तुटत नाही.

तेव्हा पहिला नियम असा, की टाकीचे माप माशाच्या आजच्या लांबीवरून काढू नये, तो पुरा वाढल्यावर किती होईल त्यावरून काढावे. ऑस्कर घरच्या टाकीत दहा ते बारा इंच होतो, कधी त्याहून मोठा, आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. फ्लॉवरहॉर्न बारा इंचांपर्यंत जातो. रेड डेव्हिल बारा इंचांच्याही पुढे. जॅक डेम्प्सी आठ ते दहा इंच. १९१९ ते १९२६ या काळात जगज्जेता असलेल्या अमेरिकन मुष्टियोद्ध्याचे नाव या माशाला दिले आहे, यावरून स्वभावाची कल्पना यावी. सेव्हरम साधारण आठ इंच आणि त्या मानाने शांत. पॅरट, ज्याला ब्लड पॅरट म्हणतात, तो सात-आठ इंच. हा १९८०च्या दशकात तैवानमध्ये तयार झालेला संकर असून त्याचे तोंड नीट मिटत नाही, त्यामुळे मारामारीत तो नेहमी मार खाणाऱ्यांत असतो. पीकॉक बास नावाचा मासाही हल्ली पिलांच्या रूपाने विकला जातो. तो दोन फुटांचा होऊ शकतो. आमच्या मते गावच्या दुकानदाराने तो मागवूच नये.

दुकानदारांत एक जुना हिशेब चालतो, की एका इंचाच्या माशाला एक गॅलन, म्हणजे चारएक लिटर पाणी. गप्पी, टेट्रा अशा बारीक माशांना हा हिशेब कसाबसा लागू पडतो. मोठ्या माशाला तो लावला की फसगत होते. कारण मासा लांबीने वाढतो तेव्हा रुंदीने आणि जाडीनेही वाढतो. एक इंचाचे बारा मासे आणि बारा इंचांचा एक मासा लांबीने बरोबर भरले, तरी वजनाने नाहीत. तो एक मासा एका इंचाच्या माशाच्या बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे सुमारे १,७२८ पट असतो. त्याचे खाणे मोठे, त्याची घाण मोठी, त्याला लागणारी हवा मोठी. तागडी वापरणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड नाही. मासे इंचावर मोजू नयेत, वजनावर मोजावेत.

मापे आपल्याकडे फुटात चालतात, म्हणून हिशेबही फुटात देतो. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन बाय एक बाय एकची टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटर. ही टाकी कोणत्याही मोठ्या सिक्लिडची नव्हे. पिले दोन-तीन महिने वाढवायला ठीक, तेही ग्राहकाला तसे सांगून. तीन बाय दीड बाय दीड म्हणजे सुमारे १९० लिटर. त्यात दोन पॅरट किंवा एक जोडी कॉन्व्हिक्ट. कॉन्व्हिक्ट हा पट्ट्यापट्ट्यांचा चार-पाच इंची मासा, कैद्याच्या कपड्यासारखा म्हणून हे नाव. चार बाय दीड बाय दीड म्हणजे २५५ लिटर. त्यात एक ऑस्कर किंवा एक फ्लॉवरहॉर्न, बस्स. चार बाय दोन बाय दोन म्हणजे साधारण ४५० लिटर. जुळलेली ऑस्करची एक जोडी त्यात नांदते. सहा बाय दोन बाय दोनमध्ये ६८० लिटर पाणी मावते आणि तेथे तीन-चार शांत जातीचे मोठे मासे एकत्र ठेवण्याचा विचार करता येतो. फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल यांना मात्र सहा फुटांतही एकटेच ठेवावे हे बरे.

उंचीच्या मोहात पडू नये. उंच टाकी दिवाणखान्यात शोभते आणि काचवाल्यालाही ती सुचवावीशी वाटते, पण सिक्लिड जागा धरतो ती तळाची. चार बाय दोन बाय दीड आणि चार बाय दीड बाय दोन यांत पाणी सारखेच मावते, तरी पहिली टाकी माशाला मोठी वाटते. बारा इंचांच्या माशाला वळायला टाकीची रुंदी निदान दीड फूट तरी हवी, दोन असेल तर उत्तम.

भांडणाची गोष्ट आता जरा सविस्तर सांगायला हवी, कारण याविषयी गैरसमज फार आहेत. लोक म्हणतात, अमुक जात खुनशी आहे. जातीजातीत फरक असतो हे खरे. पण नदीत हेच मासे राहतात आणि रोज कोणी कोणाला ठार मारीत नाही. दोन नर समोरासमोर आले की पर फुलवतात, रंग गडद करतात, शेपटीने पाण्याचे फटके देतात, फारच झाले तर तोंडात तोंड धरून ओढाताण करतात. हे सगळे जोर अजमावणे आहे. ज्याला आपण कमी पडतो हे कळते तो पर मिटून निघून जातो आणि विषय तेथेच संपतो. टाकीत तो निघून जाणार कोठे? तो पळतो आणि दोन फुटांवर काच लागते. जिंकलेल्या माशाच्या डोळ्यापुढे तो अजून आहे, अर्थात अजून हद्दीत आहे. म्हणून मार चालू राहतो. मासा मरतो तो समोरच्याच्या दातांनी मरतोच असे नाही. पुष्कळदा लपायला जागा नसल्याने धास्तीने, उपाशी राहून आणि जखमांवर बुरशी येऊन मरतो. मोठी टाकी हवी ती यासाठी. नुसते पाणी जास्त हवे एवढाच प्रश्न नाही, हरलेल्याला पळायला वाट हवी.

ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये प्राण्यांच्या आक्रमकपणावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यांच्या निरीक्षणात आपल्याच देशाचा एक सिक्लिड आहे, दक्षिणेच्या खाड्यांतला पिवळा एट्रोप्लस. या माशाची जोडी एकटी ठेवली तर नर आपल्याच मादीवर उलटतो. मध्ये काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली, की नराचा राग पलीकडच्या शेजाऱ्यावर निघतो आणि घरात शांतता नांदते. मधल्या काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की पुन्हा मादीला त्रास सुरू होतो, काच पुसली की थांबतो. दुकानदाराने यातून घ्यायचे ते हे, की मार खाणारा मासा बाहेर काढला म्हणजे भांडण मिटले असे नव्हे. मारणाऱ्याचा राग दुसऱ्या क्रमांकावर सरकतो. काढायचाच तर आठ-पंधरा दिवस मारणाऱ्याला काढावे. मधल्या काळात टाकीतले दगड, कुंड्या, लाकूड यांची जागा बदलावी. परत आल्यावर त्याला आपली हद्द सापडत नाही आणि त्याला पुन्हा नवशिक्यासारखे बसावे लागते.

याच ठिकाणी दुकानातली टाकी ग्राहकाची फसवणूक करते, दुकानदाराच्या मनात नसले तरी. दुकानात एका टाकीत पंधरा-वीस ऑस्कर, टेक्सास गुण्यागोविंदाने दिसतात. ते सगळे अल्पवयीन असतात, गर्दी इतकी की कोणाला हद्द आखायला जागा नाही, आणि माल रोज येतो-जातो त्यामुळे कोणाची सत्ता बसत नाही. ग्राहक ती शांतता पाहतो आणि दोन नेतो. घरी त्या दोघांना टाकी मोकळी मिळते आणि आठ दिवसांत एक दुसऱ्याच्या मागे लागतो. ग्राहक विचारतो, "तुमच्याकडे तर वीस होते, एकही भांडत नव्हता!" हे उत्तर विकतानाच द्यावे, नंतर नव्हे.

मलावी सरोवरातल्या रंगीत आफ्रिकन सिक्लिडांत मात्र ही गर्दी मुद्दाम केली जाते. चार फुटांच्या टाकीत पंधरा-वीस मासे, एका नराला तीन-चार माद्या, दगडांच्या भरपूर कपारी आणि फिल्टर दुप्पट. मार एकावर न पडता सगळ्यांवर वाटला जातो. हे मासे चार-सहा इंचांचे असल्याने तसे करता येते. ऑस्कर-टेक्साससारख्या अमेरिकन मोठ्या माशांत ही युक्ती लावली तर भांडणाच्या आधी पाणीच दगा देते.

संख्येविषयी आणखी एक अनुभवाची गोष्ट आहे, तीन हा आकडा वाईट. तिघांत दोघांचे जुळते आणि तिसऱ्याचे मरण ओढवते. जोडी हवी असेल तर पाच-सहा पिले एकत्र वाढवावीत, चार-पाच इंचांची झाली की दोघे आपोआप एका बाजूला होतात. तेव्हा बाकीची परत घेण्याची तयारी दुकानदाराने ठेवावी. ऑस्करमध्ये नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, त्यामुळे "ही पक्की जोडी आहे" असे सांगून दोन मासे विकणे हे वजनात मारण्यासारखेच आहे. अंडी घातलेली जोडी त्याच टाकीत दाखवता आली तरच तो शब्द वापरावा. नवा मासा सोडायचा तर दिवा मालवून, आधीच्यांना खायला घालून आणि दगडांची मांडणी बदलून सोडावा. नवा आणि जुना यांच्या आकारात फार फरक नसावा. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो तो त्याला खातो, त्याला भांडण म्हणत नाहीत.

पाण्याचे मात्र आपल्या भागाचे स्वतंत्र गणित आहे. बार्शी तालुका कोरडा, जमीन काळी, खाली काळा पाषाण; विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते, चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरते. आफ्रिकन सिक्लिडांना जड पाणी मानवते, आणि ऑस्कर-फ्लॉवरहॉर्नही त्यात सवयीने राहतात. पण एक धोका आहे. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि तेच प्रमाण खारट-जड, म्हणजे अल्क पाण्यात अधिक विषारी ठरते. पाण्याचा सामू सातवरून आठवर गेला की त्यातला विषारी भाग सुमारे नऊ-दहा पट होतो. त्यातून आपला उन्हाळा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे मासा जास्त श्वास घेतो तेव्हाच पाण्यात हवा कमी असते. ज्या टाकीत जानेवारीत मासे सुखाने राहिले, त्याच टाकीत एप्रिलच्या रात्री वीज गेली की सकाळी मोठे मासे आधी मेलेले सापडतात. मोठी टाकी विकताना बॅटरीवर चालणारा एअर पंप सोबत विकावा. त्यात दुकानदाराचाही नफा आहे आणि ग्राहकाचाही.

नवी टाकी भरली त्याच दिवशी मासे देऊ नयेत. अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातल्या चालू टाकीतला मळलेला स्पंज ग्राहकाच्या फिल्टरमध्ये घालून दिला तर हा काळ बराच कमी होतो. त्याला खर्च काही नाही. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते, तिचा क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. पाणी बॅरलमध्ये एक-दोन दिवस उघडे ठेवावे किंवा अँटीक्लोर घालावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

मोठ्या सिक्लिडचे पाणी आठवड्याला निदान एक तृतीयांश बदलावे लागते. न बदलले तर ऑस्करच्या डोक्यावर बारीक छिद्रे पडू लागतात, भूक जाते, रंग मळतो. चार बाय दोन बाय दोनच्या टाकीत प्रत्यक्षात ४०० लिटर पाणी धरले तर आठवड्याला सुमारे १३० लिटर, म्हणजे आठ-नऊ हंडे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर आहे. त्या मापाने हे दोन-अडीच माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. ज्या घरी मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते त्या घरी एवढी टाकी विकणे म्हणजे जूनमध्ये एक रागावलेला ग्राहक तयार करणे. त्याला तीन फुटांची टाकी आणि दोन पॅरट सुचवावेत, किंवा मोठे सिक्लिड नकोच म्हणावे. काढलेले पाणी मोरीत न सोडता परसातल्या लिंबाला, कढीपत्त्याला घालावे. ते खतच असते.

आमच्या कारागीर बांधवांसाठी चार शब्द. दीड फूट उंचीच्या चार फुटी टाकीला ८ एमएम काच, दोन फूट उंचीला १० एमएम आणि सहा फुटांच्या टाकीला १२ एमएम, वर आडव्या पट्ट्यांसह. याहून पातळ काच लावून भाव पाडू नये. पाण्याचा दाब उंचीबरोबर वाढतो, हे गिऱ्हाईक घासाघीस करताना विसरते. आपण विसरू नये. सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेले घ्यावे, चोवीस तासांत वरून सुकले तरी मोठ्या टाकीला आठवडाभर थांबून मगच पाणी भरून पाहावे. चार बाय दोन बाय दोनच्या टाकीचे पाणी ४५० किलो आणि काच सुमारे ७५ किलो, म्हणजे स्टँड-दगड धरून सहाशेच्या घरात वजन जाते. सहा फुटांच्या टाकीत आठशेच्या वर. जुन्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर अशी टाकी बसवायला सांगितली तर काम नाकारावे. स्टँडच्या वर फळी, फळीवर थर्माकोल. मोठे दगड वाळूवर न ठेवता काचेवर थर्माकोलचा किंवा प्लास्टिकचा तुकडा घालून त्यावर आधी ठेवावेत आणि वाळू मग टाकावी, कारण सिक्लिड वाळू उकरतो आणि दगड कलंडून काच फुटते. झाकण जड हवे. भांडणात हे मासे उडी मारतात.

फ्लॉवरहॉर्नविषयी एक सांगणे जरूर आहे. १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला हा मासा कपाळावरच्या उंचवट्यामुळे आणि अंगावरच्या चिनी अक्षरांसारख्या ठिपक्यांमुळे नशीब उघडणारा म्हणून विकला जातो, आणि त्याच बोलीवर किंमत दसपट होते. रोजी देणारा अल्लाह आहे, माशाचे कपाळ नव्हे. आपल्या दुकानदारांनी मासा मासा म्हणून विकावा. रंग, बांधा, वय यांवर भाव घ्यावा, नशिबावर घेऊ नये.

खाण्याबद्दल थोडक्यात. चांगल्या प्रतीचे दाणे, अधूनमधून गांडूळ, धुतलेली कोळंबी. जिवंत गप्पी-गोल्डफिश घालण्याची चाल तमाशा म्हणून ग्राहकाला आवडते, पण त्यातून रोग येतात. जितके दोन मिनिटांत संपेल तितकेच टाकावे. उरलेला दाणा म्हणजे उद्याचा अमोनिया.

शेवटचा प्रश्न वाढलेल्या, नको झालेल्या माशाचा. ग्राहकाला मारवत नाही, ठेवता येत नाही, मग तो दयेने बादली घेऊन भोगावतीला किंवा हिंगणीच्या तलावावर जातो. हे होऊ देऊ नये. टाक्यांतून सुटलेला सकर मासा उजनीत कोळ्यांच्या जाळ्यांत येतो, त्याला बाजार नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. सिंगापूर-मलेशियाच्या तळ्यांत फ्लॉवरहॉर्न असाच पसरला. चिलापीने निदान लोकांचे पोट भरले, हे मासे तेही करणार नाहीत. म्हणून दुकानदाराने एक मोठी टाकी परतीच्या माशांसाठी मोकळी ठेवावी आणि विकतानाच सांगावे, की मासा दहा इंचांचा झाला आणि जमेना तर घेऊन या, पैसे नाहीत मिळणार पण मासा घेऊ. असा वाढलेला ऑस्कर बार्शी-सोलापूरच्या मोठ्या टाकीवाल्या हौशी माणसाला बहुधा हवाच असतो. तो आणताना पॉलिथिनच्या पिशवीत आणायला सांगू नये, पाठीवरच्या काट्याने पिशवी फुटते. झाकणाची रंगाची बादली घ्यावी, ती त्याच टाकीच्या पाण्याने अर्धी भरावी, झाकणाला चार भोके पाडावीत आणि वरून ओले पोते टाकावे. मासा दोन तास नीट राहतो.